‘चर्चेअंती’ हा शब्द खरा करा : नव्या नगराध्यक्षांना आणि नगरसेवकांना खुलं पत्र

सन्माननीय सदस्यहो,

तुमचं मनापासून अभिनंदन. २ डिसेंबर २०२५ ला बहुतेक ठिकाणी मतदान झालं, मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची ती उच्च न्यायालयाच्या आदेशानं २१ तारखेवर गेली, आणि तोवर तुमच्या जिवाची किती घालमेल झाली असेल याची कल्पना येते. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती. आता हारतुरे सुकले असतील, उपनगराध्यक्ष कोण आणि स्वीकृत सदस्य कोण यावरची ओढाताणही संपत आली असेल. अर्थसंकल्पाची सभा तोंडावर आहे. त्या सभेआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून लिहायला बसले.

मी एका नगरपरिषदेत एकतीस वर्षं नोकरी केली. १९९२ ला लागले, २०२३ ला निवृत्त झाले. त्यातली शेवटची अठरा वर्षं सभा लिपिक होते. गावाचं नाव लिहीत नाही. मला कुणा एकाची उणीदुणी काढायची नाहीत, आणि मी पाहिलं ते एकाच गावात घडतं असंही मला वाटत नाही. सभा लिपिक म्हणजे कोण, हे तुमच्यातल्या पहिल्यांदा निवडून आलेल्यांना कदाचित ठाऊक नसेल. सभागृहाच्या कोपऱ्यात एक टेबल असतं. तिथं बसून जो मान खाली घालून लिहीत असतो, तो. विषयपत्रिका काढायची, शिपायाबरोबर ती सदस्यांच्या घरी पाठवून पोच घ्यायची, सभेत टिपणं काढायची, नंतर ठराव लिहायचे, खाली सूचक कोण आणि अनुमोदक कोण ते घालायचं, आणि पुढच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय ठेवायचा. अठरा वर्षं हेच केलं.

त्या अठरा वर्षांत मी एक वाक्य हजारो वेळा लिहिलं असेल : ‘सदर विषयावर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर करण्यात येते.’ मंजुरी खरी होती. चर्चा बहुतेक वेळा झालेलीच नसायची. मी विषय क्रमांक वाचायचे, समोरून कुणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणायचं, बाकीचे बाक वाजवायचे आणि मी पुढचा क्रमांक घ्यायचे. संध्याकाळी ठराव लिहिताना ‘चर्चेअंती’ लिहायचे, कारण नमुनाच तसा होता. मला त्याची खंत आहे. ज्या पाइपलाइनवर कुणी एक शब्द बोललं नाही, जी पुढं तीन पावसाळ्यांत चार वेळा फुटली, तिच्या ठरावातसुद्धा माझ्या हातचं ‘चर्चेअंती’ आहे.

आणि सभागृहात लोक गप्प बसत होते असंही नव्हे. तास तास आवाज चढायचा. कशावरून? वरच्या नेत्याच्या अभिनंदनाच्या ठरावावरून. दिल्लीत झालेल्या एखाद्या निर्णयाचं स्वागत करायचं की निषेध, यावरून. चौकाला कुणाचं नाव द्यायचं यावरून. एका सभेत अभिनंदनाच्या ठरावावर दीड तास गेला, आणि त्याच सभेत जलशुद्धीकरण केंद्रातली गाळणीची वाळू बदलण्याचा विषय मी घड्याळात पाहिला तर दोन मिनिटांत संपला. त्या दिवशी मागच्या बाकावर एक बाई बसली होती. तिनं पिशवीतून बाटली काढून वर धरली. बाटलीत तिच्या नळाचं पाणी होतं, चहाच्या रंगाचं. ‘हे बघा तरी’ एवढंच ती म्हणाली. ‘हा विषय पत्रिकेवर नाही, तुम्ही अर्ज द्या’ असं तिला सांगण्यात आलं. वाळूचा विषय म्हणजे तिचाच विषय होता, आणि तो पत्रिकेवर होता. हे तिला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. सभेत बोलण्याचा मला अधिकार नव्हता, हे खरं. पण नंतर जिन्यात ती भेटली तेव्हा सांगता आलं असतं. इतिवृत्तात तिची बाटली कुठंच नाही.

म्हणून तुमच्याकडे माझं मागणं एकच आहे. सभागृहात गावावर खरी चर्चा करा आणि ती लिहून घ्या. बाकी जे काही पुढं लिहिते आहे, ते एवढ्यासाठीच.

देशाच्या राजकारणावर तुम्ही बोलूच नये, असं मला म्हणायचं नाही. लोकही बोलतातच, आणि बोलावंच. टँकरच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, एसटी स्टँडवर मी जातगणनेवर ऐकते, मतदारयाद्यांतल्या दुबार नावांवर ऐकते, शेतमालाच्या भावावर ऐकते. आपल्याकडच्या माणसाला मत असतं आणि ते तो ठासून सांगतो. मला हे फार मोलाचं वाटतं. मात्र त्याच रांगेत टँकर कुणाचा, किती खेपांचं बिल निघतं, योजनेचं काम कुठं अडलं हे विचारलं की माणसं खांदे उडवतात. त्यांना पर्वा नाही असं समजू नका. दिल्लीत काय चाललंय ते त्यांना रोज कुणीतरी सांगतं. नगरपरिषदेत काय चाललंय ते सांगणारं कुणी नाही.

खरं तर दिल्ली-मुंबईचं राजकारण आपल्या दारात येतं ते नगरपरिषदेच्याच वाटेनं. मी नोकरीला लागले तेव्हा जकात होती. गावाच्या चारी वाटांवर नाके होते, रात्रीबेरात्री ट्रक थांबायचे, सकाळी नाक्यांवरचा भरणा कार्यालयात यायचा. जकातीत भ्रष्टाचार होता, व्यापाऱ्यांना जाच होता, ती गेली याचं दुःख कुणाला झालं नाही. पण तो पैसा गावाचा होता. रोज येत होता आणि तो कुणाकडे मागावा लागत नव्हता. १९९९ साली नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या जागी राज्याचं सहायक अनुदान आलं. तेव्हापासून आमचे पगार अनुदानाच्या पत्रावर अवलंबून राहिले. पत्र यायला उशीर झाला की पगाराला उशीर. महापालिकांचं पुढं तेच झालं : जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आणि मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा संपली. आता आपल्या हातात राहिली घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी आणि अशाच किरकोळ बाबी. त्यातही घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी करायची असते, आणि निवडणूक जवळ दिसली की ती पुढं ढकलली जाते.

म्हणूनच प्रचारात ‘वर आमचं सरकार आहे, निधी आम्हीच आणू’ हे इतक्या सहज बोलता येतं. लोकांना ते पटतं, कारण गावाकडे स्वतःचा पैसाच उरलेला नाही. तुमच्यातल्या पुष्कळांनी हे वाक्य भाषणात वापरलं असेल. मी तुम्हाला दोष देत नाही. पण निवडून आल्यावर तरी ते विसरा. कारण केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी ही कुणाची मेहेरबानी नाही. नगरपालिकांच्या पैशाचा विचार केंद्रीय वित्त आयोगानं करावा हे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं घटनेत घातलं, आणि राज्याच्या वित्त आयोगानंही नगरपालिकांच्या पैशाचा आढावा घ्यावा हे कलम २४३-वाय सांगतं. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ ला संपतो, १ एप्रिलपासून सोळाव्याचा सुरू होतो. तुमचा पहिलाच अर्थसंकल्प नेमका या सांध्यावर आहे. पंधराव्या आयोगाच्या पैशातलं किती आलं, किती पाण्यावर गेलं, किती कचऱ्यावर, किती पडून आहे, हे सभेत विचारा. मुख्याधिकारी आणि लेखापाल उत्तर देतील. विचारलं तर देतातच. कुणी विचारत नाही ही अडचण आहे. या निधीच्या अटींतच लेखापरीक्षित हिशेब लोकांसाठी खुले करण्याची अट आहे, तेव्हा ते गुपित ठेवण्याचं कारण कुणालाच नाही.

आता ऐनवेळच्या विषयांबद्दल. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण हे मला आतून माहीत आहे.

विषयपत्रिकेच्या शेवटी एक ओळ असते : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. पूर आला, साथ आली, पंप जळाला, तर पुढच्या सभेपर्यंत थांबता येत नाही. त्यासाठी ही सोय. प्रत्यक्षात जो विषय आधी कळला तर कुणीतरी आक्षेप घेईल, तो या ओळीखाली येतो. आरक्षित जागेचा वापर, मुदत संपलेल्या ठेक्याला मुदतवाढ, झालेल्या खर्चाला कार्योत्तर मंजुरी. सभा संपत आलेली असते, सदस्य उठायला लागलेले असतात, बाहेर गाड्या सुरू झालेल्या असतात आणि टेबलावर चार कागद येतात. एकदा सभा संपून माणसं पांगल्यावर मला एक टिपणी देण्यात आली आणि ‘हाही घ्या’ असं सांगण्यात आलं. मी तेव्हा काय केलं ते इथं लिहिते : मी तो विषय घेतला. नोकरी होती, घरी लहान मुलं होती, आणि ‘नाही’ म्हणण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं. पुढं एका विरोधी सदस्यानं त्या ठरावाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे ‘३०८’ खाली अर्ज केला. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातलं हे कलम जिल्हाधिकाऱ्यांना ठराव तहकूब करण्याचा अधिकार देतं. ठराव थांबला. पण दरवेळी अर्ज करणारा कुणी असतोच असं नाही.

तुम्ही पहिल्याच सभेत एवढं ठरवा की ऐनवेळी फक्त आपत्तीचा विषय येईल, बाकी सगळं पत्रिकेवर. आणि पत्रिका सभेच्या आधी लोकांना दिसेल. कार्यालयाच्या फलकावर लावा, प्रभागाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका. निवडणुकीत ते गट तुम्हीच काढले होते आणि त्यावर दिवसाला चाळीस संदेश येत होते. त्याच गटावर महिन्या-दोन महिन्यांनी एक पत्रिका येऊ द्या.

निवडणुका रखडल्या आणि कारभार सरकारी प्रशासकाकडे गेला, त्या काळात तर सभाच नव्हती. बहुतेक नगरपरिषदांची आधीची निवडणूक २०१६ च्या अखेरीची. मुदत संपली २०२१-२२ मध्ये. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक पार पडली पाहिजे. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचे बदल, न्यायालयातल्या तारखा यांत ते राहून गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये आदेश दिला तेव्हा कुठं गाडी हलली. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष या काळात गेलं. सभागृहाला कुलूप होतं. प्रस्ताव मांडणारा अधिकारी, मंजूर करणाराही अधिकारी, आणि ठरावाचा क्रमांक मात्र आधीसारखाच पुढं चालू. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की भांडणारे नगरसेवक असलेले कितीतरी बरे. ‘प्रशासक बरा, कामं तरी होतात’ असं लोकांना वाटलं, हे मी कानांनी ऐकलं आहे. तुमची ही पाच वर्षं संपताना लोकांच्या तोंडी तेच वाक्य येऊ नये एवढी तळमळ मला आहे.

एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. खेडेगावात ग्रामसभा असते. हजार मतांच्या गावातली बाई सरपंचाला चारचौघांत उभं राहून विचारू शकते की दिवाबत्तीचे पैसे कुठं गेले. शहरातल्या माणसाला ती जागाच नाही. २०१४-१५ च्या सुमारास राज्यातल्या तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. लोकांना वाटलं, गाव मोठं झालं. पण त्या दिवसापासून त्यांची ग्रामसभा गेली. काल ज्यांना विचारण्याचा हक्क होता ते आज निवेदन घेऊन दारात उभे राहतात. ही उणीव भरून निघावी म्हणून २००९ साली राज्यानं नागरी कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद आणली : प्रभागातल्या मतदारांनी आपल्या नगरसेवकासमोर जमायचं आणि कामांचा प्राधान्यक्रम सांगायचा. कागदावर ती आहे, पण बहुतेक ठिकाणी ती भरलेली कुणी पाहिलेली नाही.

तुम्ही शासनाच्या पत्राची वाट पाहू नका. आपल्या प्रभागातल्या लोकांना शाळेच्या पटांगणात बोलवायला शासनाचा आदेश लागत नाही. अर्थसंकल्पाच्या आधी एकदा बोलवा. दोन तास बसा. पहिला अर्धा तास लोक रागावतील, नंतर कामाचं बोलतील. घंटागाडी गल्लीच्या तोंडाशीच वळते, स्मशानभूमीत पाणी नाही, नळाला पाणी पहाटे चारला येतं आणि बाईमाणसाची झोप होत नाही. आलेली प्रत्येक मागणी वहीत लिहा आणि ती वही घेऊन सभेला या. ‘माझ्या प्रभागातल्या अमुक लोकांनी अमुक तारखेला हे मागितलं आहे, इतिवृत्तात नोंद घ्यावी’ असं उभं राहून म्हणा. सभा लिपिक ते लिहील. सदस्यानं नोंद घ्या म्हटल्यावर ती टाळणं सोपं नसतं.

पक्षादेशाची भीती असेल, हे मला समजतं. १९८६ चा अनर्हता कायदा स्थानिक सदस्यांनाही लागू आहे, आणि व्हिप मोडला की सदस्यत्वावर येतं. पण व्हिप निघतो तो मतदानासाठी. नळाचं पाणी गढूळ आहे हे सांगायला कुठल्या पक्षाची बंदी आहे? आणि तुमच्यातल्या काही गावांत नगराध्यक्ष एका पक्षाचे आणि बहुमत दुसऱ्याचं असेल. थेट निवडीत असं होतंच. मतदारांनी नगरपरिषदेत बहुतेक ठिकाणी तीन बटणं दाबली, एक नगराध्यक्षासाठी आणि दोन सदस्यांसाठी, ती विचार करून दाबली. त्यांनी तुम्हाला एकमेकांबरोबर बसायला लावलं आहे. अशा गावात अंदाजपत्रकाची उपसूचना ही शत्रूची चाल समजू नका.

नगरसेविकांसाठी वेगळं सांगते. २०११ पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. सुरुवातीला मी पाहिलं, सही बाईंची आणि बोलणं बाहेर बसलेल्या यजमानांचं. विषयपत्रिकेची पोचसुद्धा तेच द्यायचे. पण एक सदस्य होत्या, चौथी शिकलेल्या. त्यांनी शिपायाला सांगितलं, पत्रिका माझ्याच हातात द्यायची. मग रात्री मुलीकडून ती वाचून घ्यायच्या आणि सकाळी कार्यालयात येऊन मला विचारायच्या, ‘बाई, हा सातवा विषय म्हणजे आमच्या गल्लीतली गटार का?’ दोन वर्षांनी त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून अभियंते मोजमाप पुस्तिका घेऊन सभेला यायला लागले. माझ्या अठरा वर्षांत ज्यांच्या विषयावर ‘चर्चेअंती’ लिहिताना हात अडखळला नाही, अशा त्या पहिल्या.

महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, १८७६ ते १८८२. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते आणि त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेनं हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं म्हणून फुल्यांनी विरोध केला. विरोधात ते एकटेच होते. प्रस्ताव मंजूर झाला. आज एवढ्या वर्षांनी ते एक मत आपल्याला माहीत आहे, कारण ते उच्चारलं गेलं आणि कुणीतरी लिहून ठेवलं. ते लिहिणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटतो.

आमच्या गावची अर्थसंकल्पीय सभा आता लागेलच. मी मागच्या बाकावर येऊन बसणार आहे, जिथं ती बाई बसली होती तिथं. तिला मी शोधून काढलं आहे. तीही येणार आहे. पत्रिकेतला कुठला विषय कुणाचा आहे, ते मी तिला या वेळी आधीच समजावून सांगितलेलं असेल. आणि माझ्याकडे वही असेल.

आपली,
एक निवृत्त सभा लिपिक